दुबळ्यांचं लांबलचक युद्ध

३ मार्च, सोमवार. सकाळी

आजपासून चहात साखर बंद. डॉक्टर कधीपासून ओरडतोय, पण मी त्याच्या ओरडण्याला भिऊन नाही, तत्त्वासाठी बंद करतोय. वीस-बावीस वर्षं नौदलाच्या पोरांना शिकवतोय की दुबळ्याचं खरं शस्त्र म्हणजे दम धरणं. त्या माणसाला दोन चमचे साखर सुटू नये म्हणजे काय!

संध्याकाळी

झालं! हेडक्वार्टरने होकार दिला. माझ्या सिद्धान्ताची परीक्षा होणार. लहान नौदल मोठ्या नौदलाला महासागरात हरवू शकतं, फक्त लढाया जिंकायच्या भानगडीत पडायचं नाही. युद्ध लांबवायचं. मोठ्याला घरापासून दूर ओढायचं, फिरवायचं, दमवायचं, तेल जाळायला लावायचं. तो जिंकला नाही की हरला, आपण हरलो नाही की जिंकलो. दहा वर्षं घसा कोरडा करतोय, कोण ऐकतं! आता समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याने ढीगभर जहाजं जमवल्यावर सगळ्यांना माझी आठवण झाली.

मी शिकवतो त्या संस्थेच्या मोठ्या हॉलमध्ये युद्धखेळ. निळी बाजू, म्हणजे आपण, म्हणजे दुबळे, माझ्याकडे. लाल बाजू मिशाळकडे. रिटायर्ड कॅप्टन आहे. मिशांमुळे त्याचा ओठ कोणी पाहिलेला नाही. माझ्यावर जळतो. माझा प्लॅन टिकला तर तोच खरा प्लॅन, आपली खरी जहाजं त्याप्रमाणे निघणार. मिशाळशी वाद घालायचा नाही असं ठरवलंय.

हिला सगळं सांगितलं, प्लॅन वाचूनही दाखवला. ही म्हणाली, बरं, आणि दूध उतू जातंय तिकडे.

साखर: एक चमचा. अशा बातमीच्या दिवशी धरत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

छकुलीची बदली झाली. (आपली मुलगी. नौदलात लेफ्टनंट, इंजिनं बघते, घरी अजून छकुलीच.) पाणबुड्यांना समुद्रात तेल पुरवणाऱ्या जुन्या जहाजावर टाकलंय. खलाशी त्याला 'म्हातारी' म्हणतात, छकुलीच्या जन्माच्या आधीचं आहे. पोरगी खूश, अख्खी इंजिनरूम तिच्या हाताखाली. मी तिच्याहून खूश. हिला समजावलं की असल्या म्हाताऱ्या जहाजाला पुढे कोण पाठवतं, बंदरात बसून राहील, तू निर्धास्त राहा. ही काही निर्धास्त दिसली नाही.

दुपारी प्लॅनवरून शेवटचा हात फिरवला. कलम सात फार झकास उतरलंय. चार जुनी जहाजं 'त्याज्य घटक' म्हणून दूर दक्षिणेला आमिष म्हणून सोडायची. शत्रू मागे लागणार, तेल जाळणार, तेवढ्यात आपल्या पाणबुड्या त्याची रसद तोडणार. 'त्याज्य घटक' हा शब्द माझा स्वतःचा. दोनदा मोठ्याने म्हणून बघितला.

६ मार्च, गुरुवार

युद्ध सुरू. हॉलची सगळी फरशी निळी रंगवलीय, वर पांढऱ्या चौकटी. हा महासागर. मधोमध पडदा. अलीकडे मी, पलीकडे मिशाळ; त्याला माझी जहाजं दिसत नाहीत, मला त्याची. चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, पंच तो नेऊन लाकडी जहाजं सरकवणार आणि कोणाला काय दिसलं ते सांगणार. एक डाव म्हणजे युद्धाचा एक महिना. पंच एक कमांडर बाई आहेत, त्या हसत नाहीत. रंग खरवडू नये म्हणून बूट बाहेर काढायचे. मोठमोठे अधिकारी मोज्यांवर समुद्रातून चाललेले असतात. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक. हिला सांगितलं होतं बघ म्हणून. (सांगितलं नव्हतं बहुतेक.)

इथला जुना रिवाज: खेळ संपला की पडदा काढतात, आणि हरलेल्याने आपली हार जिथे झाली त्या चौकटीत उभं राहून, सगळ्यांदेखत, तो हुकूम का दिला ते सांगायचं. माझ्यावर अजून कधी पाळी आली नाही. (खेळलोच पहिल्यांदा.) मिशाळ मोज्यांवर उभा कसा दिसेल, याचा विचार करत होतो.

पोरं माझ्या मागे मला 'काठावरचा ॲडमिरल' म्हणतात असं कळलं. प्रेम आहे त्यांचं. जहाजावर एकदाच गेलो होतो, तेही धक्क्याला बांधलेल्या, आणि उलटी झाली होती. पण ती सकाळच्या नाश्त्यामुळे.

७ मार्च, शुक्रवार

सहा डाव झाले, एकही मोठी लढाई दिली नाही. मिशाळ शोधतोय, मी सापडत नाही. पाणबुड्यांसाठी एका चिमुकल्या बेटाच्या आडोशाला छुपा तेलसाठा ठेवलाय. नाव दिलंय 'कोनाडा'. तेवढा शत्रूला सापडला नाही म्हणजे मिळवलं.

चहाच्या सुट्टीत मिशाळ आला. म्हणाला, मास्तर, थांबल्याचा फायदा दुबळ्यालाच होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही थांबता तेवढ्यात माझ्या गोदीतून नवी जहाजं बाहेर पडतात, तुमच्या गोदीतून काय बाहेर पडतं? वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून फक्त सुट्टी संपेपर्यंत बोललो. सांगितलं की जहाजं वाढली की तेलाची तोंडंही वाढतात. शिवाय लांबच्या युद्धात मोठ्या देशातल्या लोकांचा धीर सुटतो, आमची पोरं घरी कधी येणार म्हणून विचारायला लागतात. त्यावर म्हणतो, आणि तुमच्या घरचे नाही विचारणार? काहीही पोरकट प्रश्न.

पुढच्याच डावाला पंचांनी लालला दोन नवी जहाजं दिली. मी निषेध नोंदवला. पंच म्हणाल्या, नोंदवला. पेन उचललेलं काही दिसलं नाही.

साखर: शून्य. बिस्किटं दोन. बिस्किट म्हणजे साखर नव्हे.

९ मार्च, रविवार

छकुली जेवायला आली. नखांत ग्रीस, तोंडात म्हातारीचं कौतुक. इंधनाचा पंप म्हणे स्वतः उघडून, साफ करून बसवला, आता इंजिन कसं गुरगुरतं ते येऊन ऐका बाबा. मी मान डोलावत होतो, डोक्यात आठवा डाव.

ती हात धुवायला गेली तशी ही हळूच म्हणाली, अहो, तुमच्या त्या चार जहाजांत कुठली कुठली आहेत? मी सांगितलं की खेळातल्या जहाजांना नावं नसतात, नंबर असतात. मग तेल पुरवणाऱ्याचा नंबर कुठला, म्हणाली. म्हटलं, चार. म्हणाली, आणि आपल्याकडे तेल पुरवणारी जुनी जहाजं किती? म्हटलं, एक.

ही ताटं उचलून आत गेली. बायकांचं हे असं असतं, साध्या आकड्यात माणसं शोधत बसतात. लाकडाचे तुकडे आहेत ते, बोटभर लांबीचे.

झोपण्याआधी कलम सात पुन्हा वाचलं. कागदावर सगळं चोख आहे. मग उठून आणखी एकदा वाचलं. जेवण जास्त झालं असणार.

१० मार्च, सोमवार

सापळा लागला! मिशाळ आमिषामागे धावला. सकाळी एक नंबर बुडालं. बुडालेलं जहाज पंच उचलतात आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतात. टक् असा आवाज होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी हसून सांगितलं की हे हिशेबातलं नुकसान आहे. बशीतलं बिस्किट उचललं.

दुपारी दोन नंबर. टक्. पण तेवढ्यात माझ्या पाणबुड्यांनी लालची तीन रसदीची जहाजं लोळवली! हेडक्वार्टरचे साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात, त्यांनी चक्क मान डोलावली. पडद्यामुळे मिशाळच्या मिशा दिसल्या नाहीत. खाली आल्या असणार.

११ मार्च, मंगळवार

सकाळी गावभर हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी. ही दचकली. माझ्या हातून कप पडला. (ओला होता.) नौदलात सगळ्यांच्या रजा रद्द.

छकुलीचा घाईघाईत फोन. म्हातारीत लांबच्या प्रवासाचं सामान भरतायत, कुठे जायचं ते कोणी सांगत नाही, बाबा तुम्हाला माहीत असेल ना? म्हटलं, छे, मला कुठून माहीत असणार.

फोन ठेवला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. म्हातारीच्या ऐवजी आमिष म्हणून दुसरं काही चालेल का, ते तासभर मांडून बघितलं. मासेमारीची मोठी बोट? नाही चालत. पाणबुड्यांना तेल पाजणारं जहाज दिसलं तरच शत्रू जीव तोडून मागे येतो. हे मीच सिद्ध करून ठेवलंय, उदाहरणांसकट. इतकं पक्कं लिहायची खरं तर गरज नव्हती.

निर्धार: भावनेला थारा नाही.

१२ मार्च, बुधवार

तीन नंबर गेलं. टक्. आता समुद्रात एकटी चार नंबर, आणि लालचा झाडून सगळा मोठा ताफा तिच्या पाठीवर. घरापासून कितीतरी लांब. माझ्या हिशेबाने मिशाळकडे फार तर दोन डावांचं तेल आहे. ती आणखी दोन डाव दक्षिणेला पळत राहिली की तो परत फिरणार, वाटेत माझ्या पाणबुड्या दबा धरून. संपलं युद्ध. दुबळा जिंकला. दहा वर्षं जे सांगतोय ते सगळ्यांना मोज्यांवर उभं राहून बघावं लागणार.

त्या दोन डावांनंतर चार नंबर टिकेल असं नाही. तिने टिकायची प्लॅनला गरजही नाही.

पंचांना सहज विचारलं की चार नंबरवर माणसं किती धरलीत. म्हणाल्या, खऱ्या जहाजावर असतात तेवढीच. मग विचारलं, त्यातली इंजिनरूममध्ये किती? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढची चिठ्ठी मागितली.

साखर: लक्ष नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी

चिठ्ठी घरूनच लिहून घेतली, म्हणजे ऐनवेळी मन डळमळायला नको: चार नंबर, दक्षिणेकडे, पूर्ण वेग. खिशात आहे. मन अगदी शांत. बूट उलटसुलट घातले होते, हिने सांगितलं.

दुपारी

हुकूम दिला. मला वाटतं योग्य तोच दिला.

घरची चिठ्ठी खिशातच राहिली. तिथे दुसरी लिहिली: चार नंबर, इंजिनात बिघाड, जवळात जवळच्या आपल्या ठाण्यावर ताबडतोब परत. पंचांनी दोनदा वाचली. नक्की का, म्हणाल्या. म्हटलं, नक्की. सिद्धान्त म्हटला की त्यात लवचीकपणा हवाच. एक चांगलं जहाज वाचवूनही युद्ध जिंकता येत असेल तर बुडवायचं कशाला? हे सगळं मी थंड डोक्याने ठरवलंय. चिठ्ठीत खाडाखोड झाली ती साखर एकदम कमी केल्यामुळे.

घरी आल्यावर हिला म्हटलं, म्हातारीला परत बोलावलं. जेवताना ही न मागता वाढत राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

जवळात जवळचं ठाणं म्हणजे कोनाडा.

हे लक्षात आलं नव्हतं. म्हणजे आलं असतं, पण त्या वेळी मी दुसऱ्या बाजूचा विचार करत होतो. म्हातारी कोनाड्याच्या वाटेला लागली आणि तिच्या मागोमाग लालचा अख्खा ताफा. ती जाऊन थांबली तिथे माझ्या सगळ्या पाणबुड्या दबा धरण्याआधी तेल घ्यायला रांगेत उभ्या. टक्. टक्. टक्. पंचांचा डबा भरला, त्यांनी दुसरा मागवला. सगळ्यात शेवटी चार नंबर. तिलाही टाकलं डब्यात.

दीड वर्षं लांबवलेलं युद्ध एका डावात खलास. पडद्याआडून मिशाळने विचारलं, मास्तर, बरे आहात ना? आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून जास्तच संताप आला.

उद्या चौकटीत उभं राहायचंय. डावा मोजा शिवून घेतला.

१५ मार्च, शनिवार

पडदा काढला. हॉल खचाखच. रजा रद्द झालेले सगळे अधिकारी बोलावलेले. छकुली तिसऱ्या रांगेत, युनिफॉर्ममध्ये. तीही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोनाड्याच्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. आज उजवा मोजा फाटलेला निघाला.

सांगितलं की चार नंबर जुनं जहाज, इंजिन भरवशाचं नाही, सबब बिघाड गृहीत धरून परत बोलावलं. वाटलं, मिटलं. तर छकुली उभी राहिली. मला सर म्हणाली. सर, चार नंबर म्हणजे आमचं जहाज, त्याचं इंजिन मी बघते आणि ते ठणठणीत आहे, बिघाड नक्की कशात धरला ते कळेल का? मला इंजिनाचा एकही भाग आठवेना. पंप, म्हटलं. ती म्हणाली, पंप मी स्वतः बसवलाय, रविवारी जेवताना तुम्हाला सांगितलं होतं.

एक-दोघं हसले. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला सगळं कळलं. मला तिच्या चेहऱ्यावर ते कळताना दिसलं. मग खाली बसली.

बाहेर बूट घालत होतो तिथे तिने मला गाठलं. वाटलं, गळ्यात पडेल. दात-ओठ खात म्हणाली की बाबा, एक, दोन आणि तीन नंबरवर माझ्या बॅचची पोरं आहेत, आपल्या घरी येऊन जेवून गेलीयत. त्यांची जहाजं बुडाली तेव्हा तुम्हाला कुठला बिघाड नाही आठवला? तेव्हा तुम्ही काय करत होतात?

बिस्किट खात होतो. तिला सांगितलं नाही. बुटाची नाडी बांधत बसलो.

१७ मार्च, सोमवार

प्लॅन मंजूर.

आधी वाटलं, थट्टा करतायत. पण साहेबांनी उभं राहून हात मिळवला. मिशाळने हेडक्वार्टरच्या कमिटीपुढे प्रामाणिकपणे सांगून टाकलं म्हणे, की माझ्याकडे एकाच डावाचं तेल उरलं होतं, मास्तरांनी चार नंबरला आणखी एकदा पळवलं असतं तर मी संपलो होतो. कमिटीचा निष्कर्ष: सिद्धान्त पक्का, सेनापती कच्चा. प्लॅन जसाच्या तसा घ्यायचा, सेनापती दुसरा नेमायचा. समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याची जहाजं काल निघालीयत. आता वेळ नाही.

मी म्हटलं, साहेब, मिशाळचंही बरोबर आहे हो. शत्रूच्या गोद्या चालू राहणार, नवी जहाजं येणार. दुबळा जिंकेलच असं छातीठोकपणे नाही सांगता येत. आयुष्यात पहिल्यांदा मिशाळचं बरोबर आहे म्हटलं, तेही त्याच्यासमोर. साहेब हसले. म्हणाले, सर, इतका विनय बरा नव्हे, दहा वर्षं तुम्हीच तर सांगताय. मग म्हटलं, निदान कलम सातमधला एक शब्द तरी बदला, तो 'त्याज्य घटक'. म्हणाले, छे छे, तो तर आम्हाला फार आवडला.

मिशाळने जिन्यापर्यंत सोबत केली. मला रडू आलं. माझीच अक्कल, माझाच प्लॅन, आणि माझीच पोर त्यात आमिष म्हणून पाठवून दिली.

हिला कसं सांगायचं म्हणून दारातच उभा होतो. ही म्हणाली, या आत, छकुलीचा फोन येऊन गेला.

२० मार्च, गुरुवार. सकाळी सात. धक्क्यावर, बाकावर बसून

म्हातारी सुटली. सुटण्याआधी छकुली दोन मिनिटं खाली आली. राग गेलेला नाही, पण माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं ते तिने नीट लावून दिलं. विचारलं, बाबा, तुमच्या हिशेबाने किती दिवस? म्हटलं, लांबचं युद्ध आहे, दम धरावा लागतो. म्हणाली, तो तुम्ही धरा, मला इंजिन बघायचंय. आणि आईला घट्ट मिठी मारून वर गेली. नंतर दिसली नाही, तिची जागा खाली तळाशी असते.

हिने टपरीवरून चहा आणला. माझ्या कपात स्वतःच्या हाताने दोन चमचे साखर घातली. गार झाला.

निर्धार: धीर सोडायचा नाही. घाबरं व्हायचं नाही. हिला सारखं सारखं विचारायचं नाही. वीस-बावीस वर्षं हेच शिकवलंय, वाट बघणं मला चांगलं जमतं.

सात वाजून दहा

हिला विचारलं, छकुलीचा काही निरोप आला का. ही म्हणाली, अहो, जहाज अजून समोर दिसतंय.